उंची न मानवणारी वैमानिक

१९३० सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळ, विलो ग्रोव्ह येथील मैदानावर, तेहतीस वर्षांची एक स्त्री एका विचित्र यंत्रात बसली. यंत्राचे धड विमानाचे होते. पुढे पंखा, मागे शेपटी, दोन्ही बाजूंना आखूड पंख. पण डोक्यावर एका खांबाला चार लांबलचक पाती जोडलेली होती. या यंत्राला ऑटोगायरो म्हणत. आज जायरोप्लेन हा शब्द अधिक चालतो. त्यात बसलेली स्त्री म्हणजे अमेलिया इअरहार्ट. तोपर्यंत तिचे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते आणि विमान चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी होता. या यंत्रापुरती मात्र ती नवशिकीच होती.

डोक्यावर पाती दिसली की आपल्याला हेलिकॉप्टर आठवते, पण दोघांत मोठा फरक आहे. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवते. ऑटोगायरोमध्ये उडताना इंजिन फक्त पुढचा पंखा फिरवते आणि यंत्राला पुढे ओढते. वरची पाती किंचित मागे कललेली असतात, त्यांच्यामधून खालून वर वारा घुसतो आणि ती आपोआप फिरत राहतात. जत्रेतले भिरभिरे हातात धरून मूल पळू लागले की ते फिरते, तसेच हे. फिरणारी पाती यंत्राला उचलून धरतात. इंजिन बंद पडले तर? यंत्र खाली येऊ लागते, पण खाली येतानाचा वाराच पात्यांना फिरवत ठेवतो, आणि ते दगडासारखे न पडता सावकाश उतरते.

ही कल्पना स्पेनमधील ह्वान दे ला सिएर्व्हा या अभियंत्याची. १९१९ मध्ये त्याने बनवलेले तीन इंजिनांचे विमान वेग कमी झाल्यामुळे कोसळले होते. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांची उचलण्याची ताकद एकाएकी संपते. त्या काळातील कितीतरी वैमानिकांचे प्राण याच कारणाने गेले. वेग कमी झाला तरी न कोसळणारे यंत्र हवे, या ध्यासातून सिएर्व्हाने ऑटोगायरो घडवला. त्याचे पहिले यशस्वी उड्डाण १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळ झाले. पुढे हॅरॉल्ड पिटकेर्न या उद्योजकाने हे तंत्र अमेरिकेत आणले. विलो ग्रोव्हचे मैदान त्याचेच. नवख्या माणसालाही चटकन शिकता येईल असे सुरक्षित यंत्र, अशी ऑटोगायरोची जाहिरात होई. अमेलियासारखी लोकप्रिय वैमानिक त्यात बसणे हा त्या जाहिरातीचाच भाग होता.

पिटकेर्न यांच्या वैमानिकाने तिला थोडा वेळ सोबत नेऊन यंत्र दाखवले, आणि लगेच ते तिच्या एकटीच्या हाती सोपवले. ऑटोगायरो एकट्याने उडवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या उड्डाणाबद्दल तिने पुढे प्रांजळपणे लिहिले आहे. आपण यंत्र उडवत आहोत की यंत्र आपल्याला उडवत आहे, हेच तिला नीट कळत नव्हते.

दहा वर्षे विमान चालवलेल्या बाईला असे का वाटावे? याचे उत्तर मेंदूत आहे. पुन्हा पुन्हा केलेली हालचाल मेंदूच्या खोल भागांत आणि लहान मेंदूत मुरते, आणि मग हातपाय न विचारता काम करू लागतात. वर्षानुवर्षे गिअरची गाडी चालवलेला माणूस ऑटोमॅटिक गाडीत बसला की त्याचा डावा पाय नसलेला क्लच शोधत राहतो. अमेलियाच्या हातांत दहा वर्षे एकच धडा मुरला होता : वेग सोडायचा नाही, विशेषतः उतरताना. ऑटोगायरोत वेग सोडला तरी ते फक्त खाली बसत जाते. वेगाने लांब धावत उतरायचे नसते, जवळजवळ जागेवरच टेकायचे असते. उड्डाणाआधी थांबून पात्यांना पुरेशी गती द्यावी लागते, आणि तो धीर विमानाच्या वैमानिकाला नसतो. ज्याने कधीच काही उडवलेले नाही त्याला हे सगळे नव्याने शिकायचे असते. अमेलियाला आधीचे विसरायचेही होते, आणि ते अधिक अवघड. याची किंमत तिने पुढच्या वर्षी मोजली.

पण त्याआधी तिच्या शरीराची गोष्ट सांगायला हवी. तिच्या चरित्रात ती सहसा एका ओळीत उरकली जाते.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, कॅन्सस राज्यातील ॲचिसन या गावी. वडील वकील, हुशार, पण दारूच्या आहारी गेलेले. त्यामुळे घराची घडी सतत विस्कटलेली आणि गावे सतत बदललेली. १९१७ च्या नाताळात ती बहिणीला भेटायला कॅनडातील टोरांटोला गेली. पहिले महायुद्ध चालू होते. रस्त्यावर एक एक पाय गमावलेले चार सैनिक कुबड्यांवर एकत्र चालताना तिला दिसले. तिने शिक्षण सोडले, रेड क्रॉसचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आणि टोरांटोच्या स्पॅडिना लष्करी रुग्णालयात मदतनीस म्हणून रुजू झाली. पथ्याचे जेवण तयार करणे, औषधे वाटणे ही तिची कामे. सुटीच्या वेळी ती जवळच्या विमानतळावर जाऊन विमाने बघत बसे.

१९१८ च्या हिवाळ्याआधी इन्फ्लुएंझाची जागतिक साथ टोरांटोला पोहोचली. आपल्याकडे तिलाच मानमोडीची साथ म्हणत. रुग्णालये भरून गेली. अमेलियाने न्यूमोनियाच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आणि अखेर ती स्वतःच आजारी पडली. आधी न्यूमोनिया, मग गालाच्या हाडातील सायनसचा जंतुसंसर्ग. एका डोळ्याभोवती ठणका, दाब, नाकातून आणि घशात सतत उतरणारा स्राव. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रुग्णालयात दाखल झालेली अमेलिया डिसेंबरमध्ये घरी गेली, पण बरी व्हायला जवळपास वर्ष लागले.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील हवेने भरलेली पोकळी. गालाच्या हाडातील पोकळी सर्वांत मोठी, आणि तिची रचना मोठी गैरसोयीची आहे. पाण्याच्या टाकीला नळ तळाशी न बसवता वरच्या कडेला बसवावा, तसे तिचे तोंड वर, नाकाच्या बाजूला उघडते. निरोगी माणसात अस्तरावरील सूक्ष्म केस स्राव वर ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. संसर्गाने अस्तर सुजले, केस निकामी झाले, की स्राव आतच साठतो आणि सडतो. १९१८ मध्ये प्रतिजैविके नव्हती. उपाय एकच : नाकातून जाड सुई घालून पातळ हाड भेदायचे आणि पोकळी पाण्याने धुऊन काढायची. अमेलियावर हे अनेकदा झाले. वेदना झाल्या, गुण आला नाही.

आजारपणाच्या त्या वर्षात ती बँजो वाजवायला शिकली आणि मोटारीच्या इंजिनाचे काम शिकवणाऱ्या वर्गातही जाऊन बसली. नंतर तिने कोलंबिया विद्यापीठात वैद्यकशास्त्राकडे नेणारे विषय घेतले. डॉक्टर होण्याचा विचार वर्षभर टिकला. मग तिने ते सोडले आणि कॅलिफोर्नियात आईवडिलांकडे गेली. २८ डिसेंबर १९२० रोजी लाँग बीच येथे दहा डॉलर देऊन दहा मिनिटांची विमानफेरी तिने घेतली आणि त्या दहा मिनिटांत तिचे पुढचे आयुष्य ठरले. जानेवारीत नेटा स्नूक या महिला वैमानिकाकडे शिकवणी सुरू झाली. लवकरच तिने पिवळ्या रंगाचे छोटे विमान घेतले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये ते १४,००० फुटांवर नेले. स्त्रियांमध्ये तो विक्रम होता.

पण उंची आणि बिघडलेले सायनस यांचे जमत नाही. १९२४ मध्ये दुखणे पुन्हा उफाळले. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. पैसेही संपले होते, विमान विकावे लागले. आईला शेजारी बसवून तिने मोटार चालवत अख्खा देश ओलांडला, आणि बॉस्टनला पोहोचल्यावर लवकरच आणखी एक शस्त्रक्रिया करून घेतली. हिचा थोडा गुण आला. मग तिने बॉस्टनच्या डेनिसन हाऊस या संस्थेत स्थलांतरितांच्या मुलांसाठी समाजसेविकेची नोकरी धरली. तेथेच १९२८ मध्ये तिला अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानात प्रवासी म्हणून येण्याचे बोलावणे आले. वीस तास चाळीस मिनिटांच्या त्या प्रवासात विमान दोन पुरुषांनी चालवले, नाव तिचे झाले. ही गोष्ट तिला कायम सलत राहिली. त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवती जंतू वाढत नसल्याचे दिसले, पण त्यातून पेनिसिलिन हे औषध रुग्णापर्यंत पोहोचायला १९४१ उजाडले.

या पार्श्वभूमीवर १९३१ चा वसंत पाहायला हवा. फेब्रुवारीत तिने प्रकाशक जॉर्ज पटनम यांच्याशी लग्न केले. ८ एप्रिलला ती पुन्हा विलो ग्रोव्हच्या मैदानावर होती. ऑटोगायरोची खरी करामत जमिनीलगत होती. ते लहानशा जागेत उतरे; त्याच महिन्यात पिटकेर्नच्या वैमानिकाने एक यंत्र थेट व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर उतरवून दाखवले. पण वर्तमानपत्रांना विक्रम हवे असतात, आणि विक्रम म्हणजे उंची. अमेलियाने ऑटोगायरो १८,४१५ फुटांवर नेला. मीटरमध्ये ही उंची ५,६०० च्या थोडी वर भरते, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाहूनही जास्त.

तिथे शरीराचे काय होते? हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्मा. उघड्या बैठकीत बसलेल्या वैमानिकाला थंडी लागते ती जमिनीपेक्षा साधारण पस्तीस अंशांनी जास्त. प्राणवायू कमी पडू लागला की पहिली जाते ती सारासारबुद्धी, आणि ती गेल्याचे त्या माणसाला कळत नाही. उलट आपले सगळे छान चालले आहे असे वाटते. ऑटोगायरो इतका वर चढायला वेळही भरपूर घेतो. भरधाव वर जाऊन झटकन खाली येण्याची सोय नाही.

आणि सायनस? दाब निम्मा झाला की बंद पोकळीतील हवा दुप्पट जागा मागते. चढताना ही जादा हवा सुजलेल्या तोंडातूनही बहुधा वाट काढते. खरा त्रास उतरताना. आता बाहेरचा दाब वाढतो, आतील हवा आकसते, आणि बाहेरची हवा आत यायला वाट हवी असते. सुजलेले अस्तर मात्र झडपेसारखे तोंडावर बसते. आत निर्वात पोकळी तयार होते, ती अस्तराला ओढते, कधी रक्तस्रावही होतो. डोळ्याखाली, गालात, वरच्या दातांत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. विमान उतरताना कान दुखले तर गिळून, जांभई देऊन किंवा गोळी चघळून उपयोग होतो, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू गिळताना काम करतात. सायनसच्या तोंडाला असा एकही स्नायू नाही. आजच्या प्रवासी विमानांत केबिनमधील दाब साधारण आठ हजार फुटांइतक्या उंचीवरचा राखतात. तरीही कडक सर्दीत विमानप्रवास टाळा, असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

अमेलियाच्या बाबतीत तर गालाची पोकळी तेरा वर्षे धुसफुसत होती. स्राव वाहून जाण्यासाठी बसवलेली बारीक नळी झाकायला तिला कधी कधी गालावर पट्टी लावून विमानतळावर यावे लागे. आजच्या वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत असा इतिहास निघाला तर डॉक्टर दहा प्रश्न विचारतील. तिच्या बाबतीत प्रश्न विचारणारे फारसे कोणी नव्हते, आणि विचारले असते तरी तिने ऐकले असते असे तिच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही.

विक्रमानंतर दोनच महिन्यांत तिने च्युइंगगम बनवणाऱ्या बीच-नट कंपनीच्या रंगात रंगवलेला ऑटोगायरो पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर नेला. देश ओलांडणारा हा पहिला ऑटोगायरो ठरावा अशी इच्छा होती, पण जॉनी मिलर या वैमानिकाने काही दिवस आधीच तो मान पटकावला होता. मग परतीचा प्रवास तरी पूर्ण करू, असे तिने ठरवले. १२ जून रोजी टेक्सासमधील ॲबिलीन येथे यंत्र वर उचलले गेले आणि लगेच खाली बसले, शेजारी उभ्या मोटारींना धडकले. यंत्राचा चुराडा झाला, तिला काही झाले नाही. वाऱ्याच्या भोवऱ्याने दगा दिला, असे तिचे म्हणणे. सरकारच्या हवाई विभागाने मात्र निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुरेसा वेग आणि उंची हाती नसताना ऑटोगायरोला चूक सुधारायला अवकाश उरत नाही. सप्टेंबरमध्ये डेट्रॉइटच्या जत्रेत गर्दीसमोर उतरताना यंत्र शेवटचे काही फूट धाडकन आदळले, चाके मोडली. या वेळीही ती हसत बाहेर आली. तिच्याकडे धावत निघालेले पटनम मात्र तारेला अडखळून पडले आणि त्यांच्याच बरगड्यांना मार बसला.

उतरण्याच्या क्षणी हातांनी जुना धडा गिरवला की अशी आदळआपट होते. नवख्यालाही जमेल अशी जाहिरात केलेले यंत्र देशातील सर्वांत प्रसिद्ध वैमानिकाने एका उन्हाळ्यात दोनदा मोडले, हे पिटकेर्नला परवडणारे नव्हते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. साध्या विमानात असे प्रसंग जिवावर बेतत. ती दोन्ही वेळा आपल्या पायांनी चालत बाहेर आली. मोटारीच्या गॅरेजमध्ये उद्या ऑटोगायरो उभा असेल, असे भाकीत तिने त्या वर्षी एका मासिकात केले होते. ते काही खरे ठरले नाही. हेलिकॉप्टर आले आणि ऑटोगायरो मागे पडला. पात्यांना बिजागरी देण्याची सिएर्व्हाची युक्ती हेलिकॉप्टरांनी उचलली. इंजिन बंद पडल्यावर खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरवत उतरण्याचे कसब हेलिकॉप्टरच्या प्रत्येक वैमानिकाला आजही शिकावे लागते. स्वतः सिएर्व्हा १९३६ च्या डिसेंबरमध्ये मरण पावला. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून दाट धुक्यात उडालेले एक साधे प्रवासी विमान कोसळले, त्यात तो प्रवासी होता.

१९३१ नंतर अमेलिया ऑटोगायरोकडे फारशी वळली नाही. मे १९३२ मध्ये तिने एकटीने अटलांटिक ओलांडला आणि १९२८ ची सल काढून टाकली. जवळपास पंधरा तासांच्या त्या उड्डाणात उंची दाखवणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ साचला. ती चहा-कॉफी घेत नसे. जाग राहावी म्हणून तीव्र वासाचे स्मेलिंग सॉल्ट हुंगायची आणि टोमॅटोचा रस प्यायची. सायनस मात्र सोबत होतेच. १९३५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

जून १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर ती नेव्हिगेटर फ्रेड नूनन याच्यासह कराचीला उतरली, तेथून १७ तारखेला कोलकात्याच्या डमडम विमानतळावर आली. पावसाळा सुरू झाला होता. ब्रह्मदेश, सयाम, सिंगापूर करत ती जावा बेटावरील बांडुंगला पोहोचली, तेव्हा हगवणीने आजारी होती. विमानाच्या दुरुस्तीमुळे तिथे काही दिवस सक्तीची विश्रांती मिळाली. २ जुलैला न्यू गिनीतील ला येथून तिने उड्डाण केले. चार हजारांहून जास्त किलोमीटरवर, पॅसिफिकच्या मधोमध, जेमतेम दोन-अडीच किलोमीटर लांबीचे हाऊलँड बेट गाठायचे होते. बेटाजवळ थांबलेल्या जहाजाने तिचा आवाज रेडिओवर ऐकला. विमान कोणालाच दिसले नाही. ५ जानेवारी १९३९ रोजी न्यायालयाने तिला मृत घोषित केले.